मृदंगाचा भार

कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांचा इतिहास सांगावयास कोणी बसला, म्हणजे काही गोष्टी हटकून सांगितल्या जातात. १६६१ च्या फेब्रुवारीत उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कारतलबखानाची कोंडी केली. १८५६ साली आगगाडी खोपोलीपर्यंत आली आणि १८६३ साली ती बोरघाट चढून गेली. १९४३ च्या जानेवारीत माथेरानचे भाई कोतवाल सिद्धगडाच्या रानात हुतात्मा झाले. या गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. परंतु आज आम्ही ज्या इतिहासाकडे आपले लक्ष वेधू इच्छितो तो लढायांचा नाही आणि रुळांचाही नाही. तो मानेचा, खांद्याचा, मनगटाचा आणि कंबरेचा इतिहास आहे. गावोगाव मृदंग, टाळ, पेटी आणि ढोल वाजवणाऱ्या माणसाच्या शरीराचा.

विषय थोडा चमत्कारिक वाटेल. गाणेबजावणे हा आनंदाचा विषय आणि सांधेदुखी हा दवाखान्यातला. या दोहोंची सांगड कशाला, असे कोणी म्हणेल. परंतु ज्याने सलग तीन तास मृदंग वाजवला आहे त्याच्या शेजारी पहाटे जाऊन बसावे. तो डावा खांदा उजव्या हाताने चेपीत असतो, मान एका बाजूला झुकवून पाहत असतो, आणि ‘काय झाले?’ असे विचारले तर ‘काही नाही, चालायचेच’ असे उत्तर देतो. या ‘चालायचेच’ या शब्दाचा शोध घ्यावा, एवढाच आमचा आजचा हेतू आहे.

प्रथम आपल्या भागातला वादक कोण, ते पाहू. येथे केवळ वाद्यावर पोट भरणारी माणसे थोडी. मृदंगावर हात टाकणारा गृहस्थ दिवसा शेतकरी असतो, खोपोलीच्या कारखान्यात कामगार असतो, किंवा पहाटेच्या लोकलने शंभर किलोमीटरवरच्या मुंबईस नोकरीला जाणारा असतो. ठाकरवाडीत आणि कातकरवाडीत ढोलकी गळ्यात अडकवणारा तरुण दिवसा मोळ्या वाहतो, वीटभट्टीवर राबतो किंवा दुसऱ्याच्या शेतावर मजुरी करतो. तेव्हा त्याच्या हाताला वाद्य लागते ते दिवसभराच्या कष्टानंतर. दमलेला हात आणखी एक काम अंगावर घेतो. आणि या कामाला कोणी काम म्हणत नाही, सेवा किंवा हौस म्हणतात.

आता वर्षाचे चक्र ध्यानात घ्यावे. आषाढात भाताची लावणी येते. कर्जतच्या संशोधन केंद्राने काढलेली भाताची वाणे ‘कर्जत’ याच नावाने महाराष्ट्रभर गेली. पण वाण बदलले तरी चिखलात पाय रोवून कमरेतून वाकणे बहुतेक शिवारांत तेच राहिले. लावणी उरकते न उरकते तोच श्रावण लागतो आणि हरिनामाचे सप्ताह बसतात. भाद्रपदात गणपतीपुढे घरोघर भजने होतात, वाड्यांवर गौरीचे नाच रंगतात. कार्तिकात आळंदीच्या दिंड्या बोरघाट चढतात. माघी चतुर्थीला महडच्या वरदविनायकाचा उत्सव येतो आणि चैत्र-वैशाखात जत्रा, पालख्या व लग्ने. म्हणजे जो हात जेठ-आषाढात वाद्याला फारसा लागला नाही, तो श्रावणात एकाएकी रात्रीमागून रात्री वाजवू लागतो. आणि तेही अशा पाठीच्या आधारावर, जी महिनाभर वाकून वाकून आधीच थकलेली असते. कोणत्याही स्नायूला एकदम वाढलेला भार सोसत नाही, ही गोष्ट आजचे वैद्यकशास्त्र निःशंकपणे सांगते. आपले उत्सवांचे चक्र नेमका तोच भार त्याच वेळी टाकते.

यात पावसाची भर पडते. माथेरानच्या डोंगरावर वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो आणि पायथ्याच्या गावांतही ओल काही कमी नसते. मृदंगाची पुडी कातड्याची. हवा दमट झाली की कातडे सैल पडते, नाद बसतो, वाद्य उतरते. मग वादक गठ्ठे ठोकून वाद्या ताणतो आणि तरीही आवाज उठेना म्हणजे हात जोराने टाकतो. उन्हाळ्यात जो बोल बोटांच्या टोकांनी सहज निघतो, तो श्रावणात मनगटाच्या झटक्याने काढावा लागतो. ज्या महिन्यांत सर्वांत अधिक वाजवावयाचे त्याच महिन्यांत वाद्य सर्वांत अधिक बळ मागते, अशी ही कोकणची अडचण आहे.

आता एकेका वाद्याचा भार शरीराच्या कोणत्या अंगावर पडतो ते पाहू. मृदंग अथवा पखवाज भरीव लाकूड कोरून केलेला असतो आणि सहज आठ-दहा किलो भरतो. बसून वाजवताना हे वजन जमिनीवर असते. मात्र मांडी घालून तासन्‌तास बसल्याने गुडघे आखडतात आणि कंबर धरते. दिंडीत तोच मृदंग पट्ट्याने गळ्यात अडकवून चालावे लागते. मानेपासून खांद्यापर्यंत पसरलेला मोठा स्नायू त्या वेळी सतत आवळलेला राहतो. आवळलेल्या स्नायूत रक्त नीट खेळत नाही. आणि जो स्नायू क्षणभरही सैल होत नाही तो हालणाऱ्या स्नायूपेक्षा लवकर थकतो. डोक्यावर हंडा धरून नुसते उभे राहिलेल्या माणसाला हे समजावून सांगण्याची गरज नाही. त्यातून डाव्या पुडीवर कणीक लावलेली असते आणि तिच्यावर तळहात उघडा टाकावयाचा असतो; त्याचा हिसका कोपरापर्यंत जातो.

टाळकऱ्याचे दुखणे वेगळे. टाळ वजनाने थोडा, पण दोरी बोटांत घट्ट धरून मनगट शेकडो वेळा तसेच वळवावे लागते. वर पावली खेळताना वाकणे, गिरकी घेणे आणि उसळणे आहेच. वाकून नाचणाऱ्या ठाकर वादकाचा ढोल तर कंबरेच्या पुढे लोंबतो, आणि पुढे लोंबणारे ओझे पाठीला त्याच्या वजनाहून किती तरी जड होते. पेटीवाल्याचा उजवा हात स्वरांवर आणि डावा भात्यावर असतो. एका बाजूने पीळ पडलेल्या कण्यावर तो रात्र काढतो.

येथे पेटीचा इतिहास थोडा सांगणे अवश्य आहे, कारण त्यातून मोठी गोष्ट कळते. हार्मोनियम हे मूळचे फ्रान्समधले वाद्य. १८४० च्या सुमारास पॅरिसच्या दबें नावाच्या कारागिराने त्याला रूप दिले. त्याचा भाता पायांनी चालत असे आणि वादक खुर्चीवर ताठ बसून दोन्ही हातांनी वाजवीत असे. आपल्या संगीत रंगभूमीवर पायपेटी आणि पुढे ऑर्गन आले ते याच जातीचे. परंतु खुर्चीवर बसणे आपल्या बैठकीला मानवेना. तेव्हा एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष यांनी जमिनीवर ठेवून वाजवावयाची हातपेटी प्रचारात आणली. ती स्वस्त होती, सुटसुटीत होती, गाडीत घालून नेता येत होती. भजनी मंडळांत ती घरच्यासारखी रुळली. मात्र जो भार पायांवर होता तो डाव्या खांद्यावर आला. पुढे या पेटीवरून पुष्कळ वाद झाले; आकाशवाणीने १९४० साली तिला दार बंद केले आणि १९७१ मध्ये ते किंचित उघडले. तो सगळा वाद श्रुतींचा आणि स्वरांचा होता. भाता मारणाऱ्या खांद्याची साक्ष त्यात कोणी काढली नाही.

हे झाले आपल्याकडचे. वादकाच्या शरीराकडे वैद्याने प्रथम पाहिले केव्हा? इटलीत बर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा एक वैद्य होऊन गेला. १७०० साली मोदेना येथे त्याने कारागिरांच्या रोगांवर एक ग्रंथ छापला. खाणकामगार, कुंभार, धोबी यांच्या रांगेत त्याने गवई आणि फुंकीची वाद्ये वाजवणारेही बसवले, आणि अति झालेल्या कष्टाने त्यांच्या शरीराला काय होते ते नोंदले. जुन्या ग्रीक वैद्यकाने रोग्याला जे प्रश्न विचारावयास सांगितले होते त्यांत त्याने एका प्रश्नाची भर घातली: तुझा धंदा कोणता? एवढ्या एका प्रश्नाने वैद्यकाची एक नवी शाखा उभी राहिली.

त्यानंतर सव्वाशे-दीडशे वर्षांनी जर्मनीत रॉबर्ट शूमान या तरुणाला थोर पियानोवादक व्हावयाचे होते. १८३२ च्या सुमारास त्याच्या उजव्या हाताचे बोट त्याचे ऐकेनासे झाले आणि वादनाचा मार्ग बंद पडला. तो पुढे मोठा संगीतरचनाकार झाला, हे जगाचे भाग्य. परंतु बोट गेल्यावर ज्यांना दुसरा मार्ग सापडला नाही, त्यांची नावे कोण जाणतो? १८८७ साली लंडनच्या डॉ. पूअर यांनी पियानोवादकांच्या हातांच्या दुखण्यावर व्याख्यान प्रसिद्ध केले. १९२६ साली बर्लिनच्या कुर्ट झिंगर यांनी संगीतकारांच्या व्यवसायजन्य रोगांवर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. हे गृहस्थ मज्जातंतूंचे वैद्यही होते आणि वृंदगानाचे संचालकही. ज्यू म्हणून त्यांना नाझींनी पकडले आणि १९४४ साली तेरेझीनश्टाटच्या छावणीत त्यांचा अंत झाला. अमेरिकेतील वाद्यवृंदांतून १९८६ साली पाहणी केली तेव्हा २,२१२ वादकांनी उत्तरे पाठवली. त्यांपैकी शेकडा ७६ जणांनी, वादनात व्यत्यय येण्याइतके किमान एक तरी दुखणे आपणांस आहे, असे कळवले. ही माणसे पगारी, खुर्चीवर बसून वाजवणारी आणि घाट न चढणारी होती, हे विसरू नये.

यावर कोणी म्हणेल, हे पाश्चात्त्यांचे चोचले आहेत. आमची परंपरा तपश्चर्येची आहे. बोटांतून रक्त आल्याशिवाय वाद्य प्रसन्न होत नाही, चाळीस दिवस कोंडून घेऊन रियाज केल्याशिवाय हात तयार होत नाही, अशा गोष्टी आपणही ऐकतो आणि मुलांना सांगतो. चाळीस दिवसांच्या या ‘चिल्ल्या’ने काही थोर कलावंत घडले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु हीच काय ती आपली परंपरा, असे म्हणणे मात्र इतिहासाला धरून नाही. आपली जुनी आणि प्रमाण मानलेली परंपरा काय सांगते ते पाहावयाचे तर घाट चढून देवगिरीला जावे लागेल.

तेराव्या शतकात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा विद्वान अधिकारी होता. त्याचे आजोबा काश्मीरहून दक्षिणेत आलेले. शार्ङ्गदेव संगीताचा पंडित तर होताच, पण वैद्यकही जाणत होता. त्याने लिहिलेला ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ उत्तर हिंदुस्थान आणि दक्षिण हिंदुस्थान या दोघांनीही प्रमाण मानला. या ग्रंथाचा आरंभच पाहण्यासारखा आहे. स्वर, श्रुती आणि राग यांच्याकडे वळण्यापूर्वी शार्ङ्गदेव मनुष्याचा देह कसा घडतो ते सांगतो. नाद देहातून उठतो, म्हणून आधी देह जाणला पाहिजे, हा त्याचा क्रम आहे.

पुढे तो गायकाचे पंचवीस दोष मोजतो. आपणांस वाटेल की, बेसूर होणे, ताल चुकणे, शब्द अस्पष्ट राहणे एवढेच दोष तो सांगत असेल. तेही आहेत. परंतु त्यांच्या पंक्तीला त्याने कोणते दोष बसवले आहेत ते ऐकावे. दात आवळून गाणारा तो ‘संदष्ट’. तोंड भयंकर वासणारा तो ‘कराली’. उंटासारखी मान उंचावणारा तो ‘करभ’. मान वाकडी करणारा तो ‘वक्री’. गाल भोपळ्यासारखे फुगवणारा तो ‘तुंबकी’. हातपाय ताणणारा तो ‘प्रसारी’. आणि गाताना ज्याच्या कपाळाच्या, तोंडाच्या व गळ्याच्या शिरा फुगतात तो ‘झोंबक’. उलट चांगल्या गायकाच्या गुणांत त्याने ‘जितश्रम’ असा एक गुण सांगितला आहे. ज्याने श्रम जिंकले आहेत, ज्याला गाताना थकवा गाठत नाही, तो जितश्रम.

याचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. सातशे-आठशे वर्षांपूर्वी याच महाराष्ट्राच्या भूमीवर शरीरावरचा ताण हा संगीताचा दोष म्हणून नोंदला गेला होता. फुगलेली शीर पाहून शार्ङ्गदेवाने वाहवा केली नसती. त्याने गुण कापले असते. आपण मात्र आज मैफलीत वा भजनात कोणाच्या कपाळावरची शीर टरारली की म्हणतो, पाहा, केवढा जीव ओतून गातो आहे! ज्याला शास्त्राने दोष म्हटले त्याला आपण निष्ठेचा पुरावा मानू लागलो. ‘चालायचेच’ या शब्दाचे मूळ आम्हांला या उलटापालटीत दिसते.

आणि केवळ शास्त्रातच नव्हे, लोकाचारातही ही जाण होती. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवावयाची नाही, असा नेम असतो. नेम कडक; पण तो एका माणसाच्या गळ्यावर लादलेला नाही. वीणेचे पहारे लावलेले असतात. ठरलेल्या वेळी दुसरा येतो, नमस्कार करतो, वीणा आपल्या गळ्यात घेतो आणि पहिला जाऊन पाठ टेकतो. वीणा अखंड उभी राहते, माणूस उभा राहत नाही. ज्यांनी ही व्यवस्था बसवली त्यांना भक्ती कमी होती असे कोण म्हणेल? मृदंगाला मात्र असा काटेकोर पहारा नेहमीच लावलेला नसतो. आपल्या भागातल्या चक्री भजनात एकामागून एक बुवा गाऊन जातात, प्रत्येक जण ताज्या दमाचा. मृदंगावर जर तोच एक हात राहिला, तर सगळ्यांचा उत्साह त्या एका मनगटाला भरून द्यावा लागतो.

ध्वनिक्षेपक आला तेव्हा हा भार हलका व्हावयास हवा होता. हळू वाजवले तरी दूरवर ऐकू जाईल, अशी सोय त्याने केली. पण भोंगे श्रोत्यांकडे तोंड करून असतात आणि त्या गलक्यात वादकाला स्वतःचा बोल ऐकू येत नाही; मग तो आपोआप जोर वाढवतो. यंत्राने हाताला विश्रांती द्यावयाची, ती देण्याऐवजी त्याने हाताला शर्यतीत उतरवले. अलीकडे स्त्रियांची भजनी मंडळे गावोगाव उभी राहिली, ही मोठी आनंदाची गोष्ट; परंतु त्यांच्या हाती येणारा मृदंग आणि त्याचा पट्टा पुष्कळदा पुरुषाच्या खांद्याच्या मापाचाच असतो.

मग करावयाचे काय? वाद्य खाली ठेवा, असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. उपाय साधे आहेत आणि बरेचसे आपल्याच घरात आहेत. वीणेचा पहारा मृदंगालाही लावावा. प्रत्येक मंडळात दोन तरी मृदंगवादक तयार असावेत. दिंडीत पट्टा एका मानेवर न टाकता दोन्ही खांद्यांवरून आणि कंबरेभोवती घ्यावा, म्हणजे ओझे वाटले जाते. बसणाऱ्याने बुडाखाली घडी घालून बैठक थोडी उंच करावी. गुडघे खाली येतात आणि कणा सरळ राहतो. लावणी संपल्याबरोबर पहिल्याच रात्री चार तास वाजवण्याऐवजी आठ-दहा दिवस थोडे थोडे वाढवीत जावे. ओल्या दिवसांत वाद्य उतरले तर पट्टी खाली घ्यावी. गाणाऱ्याने अर्धा स्वर उतरण्यात त्याचा मान जात नाही. वाजवताना मुंग्या आल्या, बोट बधिर झाले, किंवा दुसऱ्या दिवशीही कळ तशीच राहिली, तर ती देवाची परीक्षा न समजता शरीराची सूचना समजावी. दुखणाऱ्या हाताने रेटून वाजवले म्हणजे दुखणे जिरते, ही समजूत अनेकांचे हात घेऊन गेली आहे. आणि शिकवणाऱ्याने मुलाच्या बोलाकडे जसे लक्ष द्यावे तसेच त्याच्या खांद्याकडेही द्यावे. वर चढलेला खांदा हा चुकलेल्या मात्रेइतकाच स्पष्ट दिसतो.

आणखी एक गोष्ट सांगून आम्ही थांबतो. रामाझ्झिनीने वैद्यांना धंदा विचारावयास शिकवले, परंतु आपल्या कर्जत-खालापूरला तेवढ्याने भागत नाही. येथल्या दवाखान्यात डॉक्टरांनी धंदा विचारला तर रोगी ‘शेती’ म्हणेल, ‘कंपनीत आहे’ म्हणेल, ‘मजुरी’ म्हणेल. मृदंगाचे नाव तो काढणार नाही, कारण मृदंग हा त्याचा धंदाच नव्हे. दुखण्याच्या कागदावर शेती लिहिली जाते, मलम मिळते, आणि त्याच रात्री तो पुन्हा पट्टा गळ्यात घालतो. तेव्हा येथे उपस्थित असलेल्या डॉक्टर मंडळींना आमची विनंती आहे की, खांदा धरून आलेल्या माणसाला धंदा विचारून झाला की, ‘आणि रात्री काय वाजवता?’ असेही विचारावे. मंडळाच्या चालकांना विनंती अशी की, येत्या श्रावणात सप्ताहाची पत्रिका छापाल तेव्हा वीणेच्या पहाऱ्यांखाली मृदंगाच्या पहाऱ्यांसाठीही एक ओळ ठेवावी. त्या ओळीत दोन नावे आली तर आमचे आजचे बोलणे कारणी लागले असे आम्ही समजू.